यकृतात किती वाजले?

सगळं जग उन्हात गॉगल लावतं. आमचे आगटेकाका तो दिवेलागणीला लावतात.

तोही साधा काळा नाही. नारिंगी काचांचा, कडेनंसुद्धा उजेड शिरू नये असा, वेल्डिंगच्या दुकानात शोभेल असा. शनिवार पेठेतल्या आमच्या गल्लीत दिवे लागले की काका खिशातून तो काढतात, सदऱ्याच्या टोकानं पुसतात आणि चढवतात. मग दूध आणणं, भाजी घेणं, औषधवाल्याशी हुज्जत घालणं, सगळं गॉगलमधून. त्या काचेतून हिरवं-पिवळं काही कळत नाही, त्यामुळे त्यांनी आणलेली कोथिंबीर निम्म्या वेळा पिवळी निघते. भाजीवाली आता तसली जुडी त्यांच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवते. काका म्हणतात, "फसवू दे. तिला पैसे मिळाले, मला मेलाटोनिन." अंधार पडला की मेंदूत झोपेचं जे औषध आपोआप तयार होतं त्याला मेलाटोनिन म्हणतात, हे मला पुढे कळलं. तोवर मी ते एखाद्या मिठाईचं नाव समजत होते.

सकाळी याच्या उलट. ऊन आलं की काका गच्चीत उघड्या डोळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून उभे. समोरच्या इमारतीतला नवा भाडेकरू त्यांना कुणी मोठे साधक समजून खिडकीतून हात जोडायचा. एक दिवस काकांनी त्याला वरूनच सांगितलं, "मी पूजा करत नाहीये. घड्याळ लावतोय."

घड्याळ म्हणजे शरीरातलं. काकांच्या मते माणूस हा हातपाय फुटलेला घड्याळांचा डबा आहे. मेंदूत एक मोठं घड्याळ, ते उजेडावर चालतं. बाकी पोटात, काळजात, कातडीत, जिथे तिथे लहान घड्याळं. मोठं चुकलं की सगळी चुकली.

मी भंडाऱ्याकडची, साकोलीच्या पुढच्या एका गावची. शाळा आठवीत सुटली. नवरा गेल्यावर लेकीला, रेणूला, मायजवळ ठेवून मी पुण्याला आले ती एका ठेकेदाराकडे पोळ्या लाटायला. ठेकेदार नारायण पेठेत, काम खराडीत, एका मोठ्या कंपनीच्या कँटीनमध्ये. कंपनी अमेरिकेच्या वेळेवर चालते, म्हणून कँटीनही. तिथली पोरं मध्यरात्री जेवतात आणि त्याला लंच म्हणतात. संध्याकाळी नारायण पेठेतून आमची गाडी निघायची आणि सकाळी आणून सोडायची, म्हणून चालत जाता येईल अशी खोली हवी होती. आमच्याबरोबर कामाला असलेल्या एकीचे ब्लाऊज शिवणाऱ्या सुलभाताई याच गल्लीत राहतात. त्यांनी मला काकांच्या दारात नेलं. वाटेत म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे. फक्त काही विचारलं तर दचकू नकोस."

काकांनी दार उघडलं, मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या यकृतात किती वाजले?"

मी सुलभाताईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या.

"यकृत म्हणजे काय जी?"

"काळीज. मटणाच्या दुकानात कलेजी म्हणतात ते. तुझ्या काळजात आत्ता किती वाजले?"

"माहीत नाही जी."

"प्रामाणिक उत्तर आहे," काका म्हणाले. "मागच्यानं हातातलं घड्याळ बघून सांगितलं होतं. खोली तुझी."

खोली मागच्या बाजूची, अंगणात उघडणारं वेगळं दार असलेली. एक लोखंडी पलंग, एक कपाट, आणि खिडकीला पडदे. पडदे म्हणजे कसले, काळ्या कापडाला आतून दुहेरी अस्तर. ओढले की भरदिवसा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नव्हता. परक्या गावात कुणीतरी आपल्यासाठी एवढी तयारी केली, या विचारानं मला त्या पहिल्या सकाळी रडूच आलं. मी आभार मानायला गेले तर काका म्हणाले, "पडदे जुने आहेत. आभार धुवायला देताना मान, वजनदार आहेत."

काका आयुष्यभर बँकेत कारकून होते, त्यामुळे त्यांना शरीरसुद्धा बँकेच्या भाषेतच कळतं. रात्री जेवायचा आग्रह झाला की ते "काउंटर बंद झालं" म्हणतात. आजाराचंही त्यांनी मला असंच समजावलं होतं.

"बँक शटर ओढते तेव्हा लोकांना वाटतं, निघाले कामचोर घरी. पण खरं काम शटरच्या आत सुरू होतं. दिवसभराचा हिशोब जुळवायचा असतो. कुणी शून्य जास्त लिहिलंय, कुणी भलत्याच खात्यात टाकलंय, ते सापडेपर्यंत उठायचं नाही. शरीराचं तेच. अंधार पडला की शटर खाली. मग एकेक पेशी आपली मोडतोड तपासणार, दुरुस्त करणार. तू रात्रभर दिवे लावून काउंटर उघडं ठेवलंस तर हिशोब जुळवणार कोण? एक चूक राहते. उद्या तिच्या दोन होतात, परवा चार. तिलाच कॅन्सर म्हणतात."

हे ते कुणालाही सांगायचे. दूधवाल्याला, कुरियरवाल्याला, रिक्षात शेजारी बसलेल्याला. एकदा सुलभाताईंच्या भाचीच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला काका गॉगल लावून गेले. मुलाकडच्यांना वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं दिसतंय. त्यांनी हाताला धरून स्टेजवर चढवलं, हाताला धरून उतरवलं, पहिल्या रांगेत बसवलं आणि ताट हातात आणून दिलं. काकांनी ताट परत केलं. "माझं यकृत झोपलंय," ते म्हणाले. "त्याला उठवून पनीर दिलेलं त्याला आवडत नाही." मुलाच्या आत्यानं सुलभाताईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ऑपरेशन नक्की डोळ्याचंच होतं ना?"

गणपतीत तर कहर झाला. मांडवाचा एक मोठा दिवा नेमका आमच्या इमारतीवर पडायचा. काकांनी वर्गणीसोबत पोरांना घड्याळावरचं भाषण दिलं. पोरांचा म्होरक्या म्हणाला, "काका, बाप्पा जागा आहे तोवर तुम्ही पण जागा की."

"बाप्पाचं दहा दिवसांनी विसर्जन आहे," काका म्हणाले. "मला अजून थोडं थांबायचंय."

शेवटी तोडगा असा निघाला की आमच्या बाजूला फक्त लाल दिवे लावायचे, कारण लाल उजेडानं मेंदू फसत नाही असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं. घरातही त्यांच्याकडे संध्याकाळनंतर लालच दिवे असतात. पोरांनी लाल दिवे लावले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या बोळाच्या तोंडाशी बायकापोरांची रांग. लोकांना वाटलं, इथे भुताचा देखावा आहे. त्यात आतून काका नारिंगी गॉगल लावून बाहेर आले. दोन पोरं किंचाळली. म्होरक्या म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी तुम्हालाच ठेवतो, मूर्तीपेक्षा गर्दी जास्त आहे."

काका हसले नाहीत. पण त्या पोरांची झोप किती होते याची चौकशी त्यांनी केलीच. गल्लीत कोण कधी झोपतं हे काकांना पाठ. कुणाचा मुलगा मोबाइल बघत जागतो, कुणाच्या सुनेला पहाटे जाग येते. सुलभाताई म्हणायच्या, "बाकीचे शेजारी भांडणांच्या बातम्या ठेवतात. हे घोरण्याच्या ठेवतात."

मी सकाळी कामावरून यायची, पडदे ओढायची आणि आडवी व्हायची. मग गल्लीत काकांचं राज्य सुरू व्हायचं. इमारतीत कुकर लावायचा तो माझी गाडी यायच्या आत. सुलभाताईंच्या शिलाई मशीनखाली काकांनी स्वतःची सतरंजी घडी करून घातली. गॅसचं सिलिंडर गडगडत आणणाऱ्याला ते उचलून आणायला लावायचे, वर पाणी द्यायचे. भंगारवाला हातगाडीवर भोंगा लावून यायचा. काका बोळाच्या तोंडाशी वाहतूक पोलिसासारखा हात वर करून उभे. भोंगा बंद, गाडी नुसती चाकांवर पुढे, आणि बोळ ओलांडला की पुन्हा सुरू. खरं सांगायचं तर या आवाजांनी मला कधी जाग यायची नाही. काकांच्या "शूऽऽ"नं यायची. पण हे मी त्यांना कधी बोलले नाही. माझ्या झोपेची एवढी काळजी माझ्या मायनंतर कुणी केली नव्हती.

मात्र त्यांचा खरा हट्ट वेगळा होता. मी रात्रपाळी सोडायची. रोज दार उघडताना तेच. "बोललीस ठेकेदाराशी?"

"नाही जी."

"मग काय बोललीस?"

"काहीच नाही जी."

मला भीती वाटायची. दिवसपाळी मागितली आणि ठेकेदार म्हणाला, राहू दे मग, तर? आणि दिवसपाळीची ओढ तर मलाच जास्त होती. रेणू शाळेतून यायची तेव्हा मी झोपेत, ती झोपायची तेव्हा मी तव्यापुढे. मधल्या कुठल्यातरी वेळेला फोन लागायचा. "झोपून उठली का वो आई?" ती विचारायची. तिला मी आठवायचे ती झोपलेलीच. माझ्या लेकीचा आवाज मला कधी पुरा जागेपणी ऐकायला मिळायचा नाही, आणि तिला माझा.

काकांचं कॅन्सरचं रोज ऐकून ऐकून माझ्या मनानं घेतलं. अंघोळ करताना मला जिथे हात लावू तिथे गाठ लागायला लागली. एकदा डाव्या बाजूला, एकदा उजव्या. एकदा कोपरात लागली, ते हाड निघालं. जेवण जाईना. शेवटी सुलभाताईंनी काकांना अंगणातच धरलं. "पोरगी वाळत चाललीये तुमच्या व्याख्यानानं. आता तुम्हीच घेऊन चला डॉक्टरकडे."

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, शांत, एका वाक्यात काम संपवणाऱ्या. त्यांनी मला तपासलं. सुलभाताई पडद्याच्या आत माझा हात धरून उभ्या होत्या. "काही नाही," बाई म्हणाल्या. "गाठ नाही. जेवत जा, झोपत जा, आणि वर्षाला दाखवून जात जा."

मी रडले. मग काकांना आत बोलावलं. बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही हिला काय सांगितलंत?"

काकांनी बँक, शटर, हिशोब सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये तोडलं नाही. म्हणाल्या, "बरंचसं बरोबर आहे. पेशींना वेळ असते. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढत असावा, असं अभ्यास करणाऱ्यांना वाटतं. काहींच्या अभ्यासात तसं दिसलंही नाही. पण तुम्ही जसं सांगता, दिवा लागला की गाठ आली, तसं नसतं. दिवसपाळी मिळाली तर घ्यावी. नाही मिळाली तर घाबरून मरू नये."

काका उठले नाहीत. गॉगल हातात फिरवत म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या. नर्स. पुष्कळ वर्षं रात्रीची ड्यूटी केली. मग त्यांना छातीत गाठ आली. त्यातच गेल्या. ते त्या ड्यूटीनंच झालं ना?"

सुलभाताईंनी खाली पाहिलं.

"एका बाईबद्दल तसं सांगता येत नाही, काका. कुणालाच नाही."

"म्हणजे हो नाही."

"आणि नाहीही नाही."

बाईंनी विचारलं, "एवढी वर्षं रात्रीचीच ड्यूटी का घेतली त्यांनी?"

"घरी सासू अंथरुणाला होती. दिवसा सासूजवळ कुणी हवं. नवऱ्याची नोकरी दिवसाची."

"म्हणजे सासूचं दिवसा त्याच करायच्या. खाणं, पुसणं, कूस बदलणं."

"हो."

"आणि रात्री वॉर्डात."

"हो."

"मग त्या झोपायच्या कधी?"

बाईंनी साधंच विचारलं होतं, डॉक्टर विचारतात तसं. सबंध गल्ली कधी झोपते हे पाठ असलेला माणूस डॉक्टरबाईंच्या टेबलावरच्या पेनांकडे पाहत बसला. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा सुलभाताईंनी त्यांच्या खांद्याला हात लावला.

परत येताना दिवे लागले होते. लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानांचा पांढरा झगझगाट होता. काकांनी गॉगल लावलाच नाही. उघड्या डोळ्यांनी त्या सगळ्या उजेडातून चालत आले आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

मी अंगणात उभी. सुलभाताई म्हणाल्या, "तुझी खोली त्यांच्या आईची. वहिनी आईच्या पलंगाखाली जमिनीवर सतरंजी टाकून पडायची. जरा डोळा लागला की वरून हाक. काका बँकेतून येईपर्यंत तिची गाठोडं उचलून ड्यूटीला निघायची वेळ. दारात भेटायची ती दोघं. तिनं किल्ली द्यायची, यांनी घ्यायची, झाला संसार."

"म्हणून हे काळे पडदे?"

सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पडदे तिच्यासाठी नव्हते गं. ती होती तेव्हा खिडकी उघडीच असायची, आईंना उजेड लागायचा. वहिनी गेली, तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस कापड आणायला बाहेर पडला. मीच शिवलेत. कशाला म्हणून विचारलं नाही."

पुढचे काही दिवस काकांनी कुणालाच काही विचारलं नाही. यकृताची चौकशी बंद झाली. दूधवाल्यानं मला विचारलं, "काका रागावलेत का?" मग एका सकाळी ते माझ्या दारात, इस्त्रीचा सदरा घालून. म्हणाले, "चल. मी नुसता उभा राहतो. बोलायचं तू."

ठेकेदार पोह्यांची प्लेट हातात घेऊन उभा होता. मी बोलले कशीबशी. त्यानं माझ्या मागे पाहिलं. "हे कोण?"

"घरमालक," काका म्हणाले.

"घरमालक भाड्यासाठी येतात. शिफ्टसाठी आलेला पहिलाच बघतोय."

"भाडं वेळेवर येतं. झोप येत नाही."

ठेकेदारानं पोहे संपवले. म्हणाला, नाश्त्याच्या पाळीतली एक बाई बाळंतपणाला चाललीये, तिच्या जागी ये. पण उशीर चालायचा नाही. काका लगेच म्हणाले, "तिला उशीर होणार नाही. तिच्या यकृताला मी लावून देतो." ठेकेदार आधी माझ्याकडे आणि मग पोह्यांच्या रिकाम्या प्लेटकडे बघत राहिला.

आता मी पहाटे जाते आणि दुपार कलता परत येते. संध्याकाळी अंगणात बसून रेणूशी बोलते. ती धडा वाचून दाखवते, मला जे येत नाही तेही मी ऐकते. काका मागे गॉगल लावून येरझाऱ्या घालतात आणि मध्येच म्हणतात, "तिला सांग, झोपायची वेळ झाली." परवा रेणूनंच फोनवर विचारलं, "त्या आजोबांच्या काळजात किती वाजले म्हणा." काकांनी ऐकलं. गच्चीत जाऊन उगाच झाडांना पाणी घालून आले.

मागच्या महिन्यात एक दिवस कंपनीला कसलीशी सुट्टी निघाली आणि आम्हाला नाश्ता आटोपल्यावर सोडलं. मी सकाळीच गल्लीत शिरले. बोळाच्या तोंडाशी काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोरून भंगारवाला येत होता. काकांनी हात वर केला. भोंगा बंद झाला.

"हळू," काका म्हणाले. "आत झोपलीये."

भंगारवाल्यानं मान हलवली आणि हातगाडी अलगद पुढे काढली. माझ्याजवळून जाताना तो ओळखीचं हसला. मी कधीपासून दिवसपाळीला आहे हे त्याला चांगलं ठाऊक आहे. दुपारी कामावरून परतताना मी त्याला नेहमी वाटेत भेटते.

मग काकांना मी दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, कुलूप लावलेल्या दाराकडे पाहिलं.

"लवकर आलीस," ते म्हणाले.

"हो जी. डोळे जड झालेत. पडते जरा."

"पड की," काका म्हणाले आणि खुर्ची किंचित गल्लीकडे वळवून बसले.

मला झोप अजिबात नव्हती. तांदूळ निवडायचे होते, कपडे भिजत घालायचे होते. मी कुलूप काढलं, आत गेले, पडदे ओढले. पलंगावर निजवेना, म्हणून खाली सतरंजी टाकली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली आणि पाठोपाठ काकांचं "शूऽऽ" आलं. मी कुशीवर वळले आणि डोळे मिटून, श्वाससुद्धा हळू घेत, दुपारपर्यंत पडून राहिले.